रियाधमधले एकोणीस दिवस : आशियाई क्लब फुटबॉलचा २०२२चा हंगाम आणि मुंबईचा संघ

आशिया खंडातील क्लबांची सर्वांत मोठी फुटबॉल स्पर्धा २००२-०३ पासून ‘एएफसी चॅम्पियन्स लीग’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तेव्हापासून या स्पर्धेच्या मुख्य गट साखळीत भारतीय क्लबांनी एकूण अठरा सामने खेळले. बारा हरले, चार बरोबरीत सुटले, दोन जिंकले. हे दोन्ही विजय एकाच क्लबचे, एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्धचे, एकाच शहरातले आणि पंधरा दिवसांच्या अंतराने मिळालेले आहेत. क्लब मुंबई सिटी, प्रतिस्पर्धी इराकचा एअर फोर्स क्लब, शहर रियाध, आणि तारखा ११ व २६ एप्रिल २०२२.

क्रीडापानावर अशा विजयाचे आयुष्य एका दिवसाचे असते. ‘ऐतिहासिक’ हा शब्द छापून येतो आणि दुसऱ्या दिवशी क्रिकेट सुरू होते. मला मात्र हा आकडा वेगळ्या कारणाने महत्त्वाचा वाटत आला. अठरा सामन्यांतले दोनच विजय एवढे एकवटून एका ठिकाणी का यावेत? त्याआधी का नाहीत, आणि पुढच्याच वर्षी त्याच क्लबला सहाच्या सहा सामन्यांत हार का पत्करावी लागली? याचे उत्तर खेळाडूंच्या पायांत जेवढे आहे, तेवढेच स्पर्धेच्या नियमपुस्तकात आहे. फुटबॉल न पाहणाऱ्या वाचकालाही ते समजावे, अशा बेताने त्या हंगामाची ही मांडणी करतो आहे.

स्पर्धेची रचना

देशोदेशीच्या लीगमध्ये अव्वल आलेले क्लब एकत्र करून त्यांच्यातला अव्वल ठरवायचा, ही खंडीय स्पर्धेची मूळ कल्पना. आशियात ती १९६७ मध्ये सुरू झाली. खंड अवाढव्य असल्याने त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन विभाग केले जातात. पूर्वेत जपान, कोरिया, चीन, ऑस्ट्रेलिया, थायलंड वगैरे. पश्चिमेत सौदी अरेबिया, इराण, कतार, अमिराती, इराक, उझबेकिस्तान आणि आपण. २०२३-२४च्या हंगामापर्यंत दोन्ही विभागांचे विजेते फक्त अंतिम फेरीत समोरासमोर येत. त्यामुळे भारतीय क्लबची गाठ पडते ती तेलाच्या पैशावर उभ्या असलेल्या आखाती क्लबांशी, नाहीतर फुटबॉलची जुनी परंपरा असलेल्या इराणी आणि इराकी क्लबांशी.

कोणत्या देशाला किती जागा, हे महासंघाच्या गुणांकावर ठरते. एखाद्या देशाच्या क्लबांनी मागच्या काही हंगामांत खंडीय स्पर्धांमध्ये काय केले, त्याचे गुण मांडून देशांची क्रमवारी लावली जाते. वरच्या देशांना तीन-चार जागा, मधल्यांना एखादी, खालच्यांना पात्रता फेरीचे तिकीट किंवा तेही नाही. म्हणजे आज खेळणारा क्लब आपल्यासाठी जसा खेळतो, तसाच देशातल्या पुढच्या क्लबाच्या खात्यातही काही जमा करत असतो किंवा त्यातून वजा करत असतो.

भारतीय क्लबांचा वावर वर्षानुवर्षे दुसऱ्या पायरीवरच्या स्पर्धेत, २००४ मध्ये सुरू झालेल्या एएफसी कपमध्ये होता. त्या पहिल्या वर्षी भारतातून गेलेल्या दोन क्लबांपैकी एक होता मुंबईचा महिंद्रा युनायटेड, दुसरा ईस्ट बंगाल. २००८ मध्ये गोव्याचा डेम्पो तिथे उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. २०१६ मध्ये बेंगळुरू एफसी थेट अंतिम फेरीत गेला आणि दोह्यात इराकच्या एअर फोर्स क्लबकडून ०-१ असा हरला. तो एकमेव गोल हम्मादी अहमद या आघाडीपटूचा होता. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

दार उघडले ते २०२१ मध्ये

२०२१च्या हंगामापासून महासंघाने मुख्य फेरीतील क्लबांची संख्या ३२ वरून ४० केली. पश्चिम विभागात चार-चार संघांचे पाच गट झाले आणि वाढलेल्या जागांमुळे भारताच्या वाट्याला गट साखळीत थेट एक जागा आली. इंडियन सुपर लीगच्या साखळी फेरीत पहिला येईल त्याला ती मिळणार होती.

पहिला मान एफसी गोवाला मिळाला. १९ फेब्रुवारी २०२० रोजी जमशेदपूरला ५-० असे हरवून त्यांनी साखळीतले अव्वल स्थान पक्के केले. पण प्रत्यक्ष स्पर्धा आली एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात. प्रवास टाळण्यासाठी महासंघाने प्रत्येक गटाचे सगळे सामने एकाच शहरात घ्यायचे ठरवले होते आणि गोव्याच्या गटासाठी मडगावचे फातोर्डा मैदान निवडले गेले. इराणचा पर्सेपोलिस, कतारचा अल-रय्यान, अबू धाबीचा अल-वाहदा असे संघ गोव्यात उतरले. अल-रय्यानचे प्रशिक्षक होते १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रान्स संघातले लॉरां ब्लां. गोव्यातल्या फुटबॉलवेड्या माणसाने आयुष्यभर ज्याची वाट पाहावी असे हे आवतण होते, आणि प्रेक्षागृह रिकामे होते.

त्या रिकाम्या मैदानात गोव्याने पहिले दोन्ही सामने ०-० असे बरोबरीत सोडवले. पर्सेपोलिसविरुद्ध ब्रँडन फर्नांडिसच्या फ्री किकवर एदू बेदियाने हेडरने गोल केला. या स्पर्धेच्या मुख्य फेरीतला भारतीय क्लबचा हा पहिला गोल. तो सामना गोवा १-२ असा हरला, तरी गोल राहिला. २६ एप्रिल २०२१ रोजी अल-रय्यानविरुद्ध तर त्यांनी सुरुवातीलाच घेतलेली आघाडी जवळजवळ शेवटपर्यंत टिकवली. सामना संपत आला असताना बरोबरीचा गोल झाला आणि पहिला विजय हुकला. सहा सामने, तीन बरोबरी, तीन गुण आणि गटात तिसरा क्रमांक. त्या वर्षी गोव्याने दाराची चौकट मोजून ठेवली, असे म्हणता येईल. आत पाऊल पडायचे होते.

जागा मिळवली एका संघाने, वापरली दुसऱ्याने

पुढचा मान मुंबई सिटीचा. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने, म्हणजे इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने, या क्लबची ६५ टक्के मालकी घेतली होती. २०२०-२१चा हंगाम करोनामुळे संपूर्ण गोव्यात खेळला गेला. साखळीअखेर मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान दोघांचेही ४० गुण झाले. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी बांबोळीच्या मैदानावर मुंबईने बागानला २-० हरवले आणि अव्वल क्रमांकासह आशियातली जागा पटकावली. १३ मार्चला फातोर्ड्यावर अंतिम सामनाही त्याच प्रतिस्पर्ध्याला २-१ हरवून जिंकला. बिपिन सिंगचा निर्णायक गोल अगदी शेवटच्या मिनिटाला झाला.

खंडीय स्पर्धेतली एक गोष्ट बाहेरच्या वाचकाला चमत्कारिक वाटते. जागा एका हंगामात मिळते आणि तिचा उपयोग वर्षभरानंतर होतो. त्या वर्षात संघ तोच राहत नाही. जिंकून देणारे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा गेले. गोलरक्षक अमरिंदर सिंग मोहन बागानकडे गेला, आघाडीपटू बार्थोलोम्यू ओगबेचे हैदराबादकडे. ऑक्टोबर २०२१ मध्ये डेस बकिंगहॅम प्रशिक्षक म्हणून आले. नव्या संघाने २०२१-२२ची लीग पाचव्या क्रमांकावर संपवली आणि बाद फेरीही गाठली नाही. देशात पाचवा आलेला हा संघ एप्रिलमध्ये आशियातल्या विजेत्यांच्या रांगेत उभा राहणार होता. मोठी आशा बाळगावी, असे कागदावर काहीच नव्हते.

गटही सोपा नव्हता. अल-जझीरा अमिरातीचा विजेता, अल-शबाब सौदी लीगचा उपविजेता, आणि इराकचा विजेता एअर फोर्स क्लब. १९३१ मध्ये स्थापन झालेला हा इराकी हवाई दलाचा क्लब २०१६, २०१७ आणि २०१८ असे सलग तीनदा एएफसी कप जिंकलेला. सगळे सामने रियाधमध्ये होते, म्हणजे अल-शबाबच्या घरी.

८ ते २६ एप्रिल

एकोणीस दिवसांत सहा सामने, दोन सामन्यांमध्ये तीन किंवा चार दिवस. रमजानचा महिना असल्याने खेळ रात्री उशिरा. ८ एप्रिलला अल-शबाबने ३-० असे हरवले.

११ एप्रिलला समोर एअर फोर्स क्लब होता. पूर्वार्ध कोराच गेला. उत्तरार्धात इराकी संघाने गोल केला, आणि करणारा होता हम्मादी अहमद. सहा वर्षांपूर्वी दोह्यात बेंगळुरूचे स्वप्न मोडणारा तोच. भारतीय फुटबॉलची गोष्ट इथवर येऊन नेहमीच्या वळणाने संपायची. यावेळी ७०व्या मिनिटाला दिएगो मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी साधली. पाच मिनिटांनी अहमद जाहूने कॉर्नर घेतला आणि बचावपटू राहुल भेकेने उडी मारून चेंडू डोक्याने जाळ्यात धाडला. २-१. उरलेला वेळ मुंबईने काढला.

भेके मूळ मुंबईचा. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईतच झालेल्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेत, बेंगळुरूकडून खेळताना त्याने अशाच कॉर्नरवर अशाच हेडरने एफसी गोवाला हरवले होते. त्यामुळे रियाधमधल्या गोलला नुसते नशीब म्हणता येत नाही. या माणसाला ती जागा आणि ती वेळ साधायची कशी, हे ठाऊक होते.

इथे फुटबॉलमधली एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे. चेंडू खेळता असतो तेव्हा दोन संघांमधली दरी उघडी पडते. कोण वेगाने धावतो, कोणाचा पास अचूक, ऐंशी मिनिटांनंतर कोणाचे पाय जड होतात, हे सगळे दिसते. चेंडू थांबलेला असतो तेव्हा, म्हणजे कॉर्नर, फ्री किक किंवा पेनल्टी घेताना, ती दरी अरुंद होते. सरावातून बसवलेली एक चाल आणि एक चांगली उडी तेवढ्या क्षणापुरती पुरते. बेदियाचा पहिला गोल फ्री किकवर, मॉरिसिओचा पेनल्टीवर, भेकेचा कॉर्नरवर. दुबळा संघ मोठ्या संघाला हरवतो तो बहुधा याच मार्गाने.

१४ एप्रिलला अल-जझीराकडून ०-१ हार. १८ तारखेला त्याच संघाशी ०-० बरोबरी. २२ तारखेला अल-शबाबने ६-० असे झोडपले. एवढ्या मोठ्या पराभवानंतर चौथ्या दिवशी, २६ एप्रिलला, मॉरिसिओच्या पूर्वार्धातल्या एकमेव गोलवर एअर फोर्स क्लबला पुन्हा हरवले. गोव्याचा विजय शेवटच्या क्षणी हुकला त्याला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झाले होते. मुंबईचे सहा सामन्यांत सात गुण झाले आणि गटात दुसरा क्रमांक आला. पश्चिम विभागातल्या पाच उपविजेत्यांपैकी तीन पुढे जाणार होते. तीन गोल केलेले आणि अकरा खाल्लेले, अशा हिशेबाने मुंबई मागे राहिली.

तो हंगाम पुढे रेंगाळला. कतारमधल्या विश्वचषकामुळे पश्चिमेची बाद फेरी फेब्रुवारी २०२३ मध्ये गेली. अंतिम फेरीत जपानच्या उरावा रेड डायमंड्सने सौदीच्या अल-हिलालला दोन सामन्यांत मिळून २-१ असे हरवले, तेव्हा ६ मे २०२३ उजाडला होता. विजेत्यांच्या यादीत उरावाचे नाव आहे. मुंबईच्या सात गुणांना त्या यादीत जागा नाही.

वजनगट

आमच्या झाडीपट्टीत धानाची कापणी-मळणी आटोपली की गावोगावी मंडई भरते, रात्री नाटके होतात आणि कबड्डीचे सामने लागतात. कबड्डीत वजनगट असतात. पंचावन्न किलोच्या गटात खेळणारे सडपातळ पोर आपल्या गटात वाघ असते. वजनकाटा काढून घ्या, तेच पोर पहिल्या चढाईत अंगणाबाहेर फेकले जाईल. त्याचे कसब तसूभरही कमी झालेले नसते. काटा तेवढा निघालेला असतो.

आशियाई क्लब फुटबॉलमधला वजनकाटा म्हणजे परदेशी खेळाडूंची मर्यादा. २०२२ मध्ये ‘तीन अधिक एक’ असा नियम होता : कोणत्याही देशाचे तीन परदेशी आणि आशियातला एक. बाकीचे स्वदेशी. क्लब कितीही श्रीमंत असला तरी पैशाने विकत आणलेले चारच खेळाडू मैदानात उतरू शकत. इंडियन सुपर लीगनेही त्याच सुमारास हीच मर्यादा स्वीकारली होती, त्यामुळे मुंबईचा संघ याच प्रमाणात खेळायला सरावलेला होता. शिवाय करोनाकाळातल्या एकाच शहरातल्या स्पर्धेमुळे तेहरान, ताश्कंद, अबू धाबी अशी लांबची धावपळ वाचली. खुली झालेली जागा, चार परदेशींची मर्यादा आणि एका जागी खेळणे, या तिन्ही गोष्टी २०२२ मध्ये जुळून आल्या. त्या फटीतून भेकेची उडी गेली.

२०२३-२४ मध्ये मर्यादा ‘पाच अधिक एक’ झाली. त्याच वर्षी, जून २०२३ मध्ये, सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीने देशातल्या चार मोठ्या क्लबांची बहुतांश मालकी घेतली. ऑगस्टमध्ये अल-हिलालने नेमारला पॅरिसहून आणले. रूबेन नेव्हेस, कुलिबाली, मित्रोव्हिच ही मंडळीही त्याच वर्षी तिथे पोहोचली. दोन हंगामांच्या अव्वल क्लबांमधला निवड सामना ४ एप्रिल २०२३ रोजी जमशेदपूरविरुद्ध ३-१ असा जिंकून मुंबई सिटी पुन्हा गट साखळीत आली होती, आणि सोडतीत तिच्या गटात नेमका अल-हिलाल निघाला.

आता सामने आपापल्या घरी आणि परक्या घरी असे होते. १८ सप्टेंबर २०२३ रोजी, गणेशचतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी, पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात या स्पर्धेच्या गट साखळीचा महाराष्ट्रातला पहिला सामना झाला. मुंबई सिटी इराणच्या नस्साजीकडून ०-२ हरली. रियाधमध्ये अल-हिलालने ६-० असे हरवले. ६ नोव्हेंबरला, दिवाळी आठवड्यावर आलेली असताना, अल-हिलाल नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानात आला. नेमार ऑक्टोबरमध्ये ब्राझीलकडून खेळताना गुडघा दुखावून बसल्याने आलाच नाही. निकाल ०-२. हंगाम संपला तेव्हा मुंबईचे सहा पराभव होते आणि गुण शून्य.

एक गोष्ट इथे जाणवते. मुंबईने आशियातली जागा मिळवली ती गोव्याच्या रिकाम्या मैदानात. दोन विजय मिळवले ते रियाधमध्ये. आपल्या माणसांसमोर खेळायची वेळ आली तोवर काटा बदललेला होता. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला आपल्या संघाचे पराभव तेवढे प्रत्यक्ष पाहायला मिळाले.

दार लोटले गेले

२०२४-२५ पासून महासंघाने सगळी रचनाच बदलली. वरची स्पर्धा ‘चॅम्पियन्स लीग एलिट’ झाली आणि तिच्यातले क्लब ४० वरून २४ वर आले. परदेशी खेळाडूंची मर्यादा उठली. बाद फेरीचे अखेरचे टप्पे सौदी अरेबियातल्या जेद्दाहला एकत्र खेळवले गेले आणि ३ मे २०२५ रोजी तिथल्याच अल-अहलीने जपानच्या कावासाकी फ्रोंटालेला २-० हरवून चषक घेतला. भारताच्या वाट्याला एलिटमध्ये जागा आली नाही. दुसऱ्या पायरीच्या ‘चॅम्पियन्स लीग टू’मध्ये आली. एफसी गोवाने त्या पायरीवर ओमानच्या अल-सीबला हरवून गट साखळी गाठली. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन पाडव्याला, फातोर्ड्यावर सौदीचा अल-नस्र आला. रोनाल्डो आला नाही, म्हणून बातम्या झाल्या. गोव्याच्या ब्रिसन फर्नांडिसने गोल केला आणि सामना १-२ असा गेला, ही बातमी त्याखाली दबली. यावेळी प्रेक्षागृह मात्र रिकामे नव्हते.

महासंघाच्या बाजूचे म्हणणेही समजून घेतले पाहिजे. मोठे नाव, मोठा चेहरा असला की दूरचित्रवाणीचे हक्क चढ्या किमतीला जातात. सहा-सहा गोलांचे एकतर्फी सामने कोणी पाहत नाही. कमी संघ घेतले तर प्रत्येक सामना चुरशीचा होतो. हिशेब म्हणून हे चुकीचे नाही. पण गुणांकाची पद्धत अशी की वरच्या स्पर्धेत खेळल्याशिवाय मोठे गुण मिळत नाहीत आणि मोठे गुण असल्याशिवाय वर खेळता येत नाही. दार एकदा लोटले गेले की बाहेर उभ्या असलेल्याला ते उघडायला आतून कोणीतरी लागते. २०२१ मध्ये महासंघानेच आठ जागा वाढवल्या, म्हणून ते उघडले होते. देशातली लीगच जुलै २०२५ मध्ये करारांच्या तिढ्यात अडकून थांबली, तेव्हा तर दारापर्यंतचा रस्ताही अडला.

मग त्या दोन विजयांचे मोल काय ठरवायचे? ते नियमांच्या मेहेरबानीचे फळ होते, असे म्हणणे सोपे आहे. पण त्याच नियमांखाली एअर फोर्स क्लबही खेळत होता आणि त्याच्याकडे तीन खंडीय चषक होते. नियमाने मुंबईला फक्त समोर उभे राहण्याची सोय करून दिली. ७५व्या मिनिटाला उडी भेकेलाच मारावी लागली, आणि ६-० असा मार खाल्ल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरून जिंकण्याचे बळ संघालाच गोळा करावे लागले. वर बसलेल्यांनी खालच्या कोणाला रांगेत घेतले की सुरुवातीला तो बहुतेक वेळा हरतो, आणि त्या हरण्याचाच दाखला देऊन पुढे त्याला रांगेतून काढले जाते. अठरा सामन्यांतल्या बारा पराभवांचा असाच दाखला झाला. उरलेल्या सहा सामन्यांचीही नोंद तितक्याच ठळकपणे असायला हवी. फातोर्ड्यावरच्या तीन बरोबरी, रियाधमधली एक बरोबरी, आणि ११ व २६ एप्रिलचे दोन विजय. महासंघ पुन्हा कधी जागा वाढवायला बसेल, तेव्हा आपल्या बाजूने मांडायला हीच सहा पाने आहेत.